घर भाड्याने देताना चावी सगळ्यात शेवटी: महाराष्ट्रातल्या छोट्या घरमालकांसाठी क्रमवार मार्गदर्शक

बहुतेक घरमालकांचा क्रम ठरलेला असतो. भाडेकरू पसंत पडतो, टोकनचे पैसे खात्यात येतात, त्याला एक तारखेला सामान हलवायचं असतं म्हणून चावी दिली जाते आणि करारनामा ‘पुढच्या आठवड्यात करून टाकू’ म्हणून राहून जातो. तो पुढचा आठवडा कधी तीन महिन्यांनी उजाडतो, कधी उजाडतच नाही. आमच्या सोसायटीत आणि नातेवाइकांत भाड्याच्या घरांवरून झालेले जे वाद मी जवळून पाहिले, त्यातले जवळजवळ सगळे या उलट्या क्रमातून निघालेले होते. चावी तुमच्या हातात असते तोवर तुम्ही कागद मागू शकता, सही मागू शकता, पडताळणीसाठी थांबा म्हणू शकता. चावी गेली की त्याच गोष्टींसाठी विनवण्या कराव्या लागतात.

हा लेख एक-दोन फ्लॅट असलेल्या, महाराष्ट्रात राहण्यासाठी घर देणाऱ्या मालकांसाठी आहे. दुकान किंवा ऑफिसच्या जागेला यातला शेवटचा टप्पा लागू पडत नाही, हे आधीच लक्षात घ्या.

## टप्पा १: आधी स्वतःचे कागद

भाडेकरू शोधायला लागण्याआधी खरेदीखताची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयाकडून मिळणारा दस्ताचा गोषवारा), मालमत्ता कराची चालू वर्षाची पावती, शेवटचं वीजबिल आणि सोसायटीचं शेवटचं बिल एका फाइलमध्ये लावा. मग एकच गोष्ट तपासा: या चारही कागदांवर मालकाचं नाव एकच आहे का?

इथे तीन ठिकाणी गाडी अडते. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असतो आणि करारावर सही एकाचीच होते. सहमालक जितके, तितक्या सह्या हव्यात. दुसरं, फ्लॅट वडिलांच्या नावावर असतो, वडील जाऊन दोन वर्षं झालेली असतात आणि मुलगा स्वतःला मालक दाखवून करार करतो. आधी वारसांची नोंद करून घ्या. सगळ्या वारसांची संमती नसेल, तर करार करूच नका. तिसरं, मालक परदेशात असतो आणि इथले काका ‘त्याच्या वतीने’ सही करतात. त्यासाठी रीतसर कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) लागतं, आणि त्यात घर लिव्ह अँड लायसन्सने, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राहायची परवानगी देणाऱ्या कराराने, देण्याचा व तो दस्त नोंदवण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला असावा लागतो. व्हॉट्सॲपवर आलेलं ‘तुम्ही करून टाका’ इथे चालत नाही.

तपासा: सोसायटीची किंवा मालमत्ता कराची थकबाकी आहे का? असेल तर आत्ताच भरा. थकबाकी असलेल्या सभासदाच्या भाडेकरूला सोसायटीत उगीच अडचणी येतात, आणि पहिल्याच आठवड्यात तुमच्यातले संबंध बिघडतात.

## टप्पा २: घर तयार करा आणि ते कागदावर आणा

रंग, गळके नळ, तुटलेल्या कड्या हे सगळे करतात. राहतं ते नोंदीचं काम. घर रिकामं असताना, भाडेकरू यायच्या आधी, दिवसाउजेडी एक तास काढा.

दारातून आत शिरा आणि डावीकडून एकेक खोली घ्या. प्रत्येक खोलीचे चार कोपरे, छत, फरशी आणि खिडक्यांचे फोटो काढा. मग जवळून काढायचे फोटो: ओट्याच्या दगडाला गेलेली चीर, बाथरूमच्या दाराच्या खालच्या कडेला फुगलेलं लाकूड, बेसिनच्या नळाखालचा पांढरा थर, भिंतीतली जुनी भोकं. आहेत ते दोष मुद्दाम टिपा. आधीपासूनची चीर नोंदलेली असेल, तर घर सोडताना तिचे पैसे मागितले जाणार नाहीत याची भाडेकरूला खात्री राहते आणि तुमच्या यादीवर त्याचा विश्वास बसतो. फक्त चकचकीत गोष्टींचे फोटो काढलेली यादी पुढे कोणी मानत नाही.

यादीत वस्तूचं नाव, संख्या, कंपनी आणि अवस्था असे चार रकाने ठेवा. ‘पंखे ३’ एवढं पुरत नाही. ‘छताचे पंखे ३, हॉलमधला नवा, बेडरूममधल्याचा रेग्युलेटर २ वर अडकतो’ असं लिहा. गीझर, वॉटर प्युरिफायर, एसी यांची शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली तेही लिहा.

सावधान: जे घरात ठेवायचं नाही ते काढून न्या. ‘माळ्यावर आमचं थोडं सामान राहू दे’ यातून दोन वाद निघतात. वस्तू हरवल्याचा एक, आणि सामान बघायला तुम्ही वरचेवर येता याचा दुसरा.

## टप्पा ३: भाडेकरूची पारख

जात, धर्म, एकटी बाई, एकटा पुरुष यांवरून माणूस पारखता येत नाही. त्या नादात चांगला भाडेकरू हातचा जातो आणि गोड बोलणारा आत येतो. तपासायच्या गोष्टी साध्या आहेत: तो कोण आहे, भाडं कुठून भरणार, आधीचं घर का सोडतोय आणि आत नेमकं कोण राहणार.

पॅन आणि आधार मूळ बघा. आधारची प्रत घेताना पहिले आठ आकडे झाकलेली प्रत घ्या, ती पुरते. नोकरी असेल तर शेवटच्या दोन-तीन पगाराच्या पावत्या आणि कंपनीचं ओळखपत्र, व्यवसाय असेल तर शेवटचं विवरणपत्र मागा. भाडं त्याच्या हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या पुढे जात असेल, तर मी दोनदा विचार करते.

सगळ्यांत उपयोगाचा असतो आधीच्या घरमालकाला केलेला एक फोन. आत्ताच्या मालकाला आणि त्याच्याही आधीच्या मालकाला, शक्यतो दोघांनाही करा. आत्ताच्या मालकाला त्याला घालवायची घाई असू शकते, म्हणून तो भरभरून कौतुक करील. आधीच्याला तसं काही कारण नसतं. ‘माणूस कसा आहे’ असं विचारलंत तर ‘चांगला आहे’ एवढंच उत्तर मिळतं. ‘भाडं किती तारखेला यायचं?’, ‘डिपॉझिटमधून काही कापावं लागलं का?’ आणि ‘पुन्हा घर द्याल का?’ हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्या प्रश्नानंतर समोरचा किती वेळ गप्प राहतो, तेही ऐका.

सावधान: ब्रोकरने ‘पार्टी चांगली आहे, मी ओळखतो’ म्हटलं, तरी हा टप्पा सोडू नका. घर दिल्यावर ब्रोकरचं काम संपतं, तुमचं तिथून सुरू होतं.

## टप्पा ४: आकडे आणि अटी आधी लिहून पाठवा

मसुदा करण्याआधी ठरलेल्या गोष्टी एका संदेशात लिहून भाडेकरूला पाठवा आणि ‘मान्य’ असं उत्तर घ्या. भाडं, अनामत, मुदत, दुसऱ्या वर्षीची वाढ, भाड्याची तारीख, सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरणार, वीज, पाइप गॅस आणि इंटरनेट कोणाकडे, लॉक-इन (मधेच करार मोडता येत नाही असा काळ) किती महिने, नोटीस किती दिवसांची, गाडी कुठे लावायची, पाळीव प्राणी असतील का.

मेंटेनन्सवरून सर्वांत जास्त गोंधळ होतो. ‘भाडं २०,००० मेंटेनन्स धरून’ आणि ‘भाडं २०,००० अधिक मेंटेनन्स’ यातला फरक तोंडी बोलण्यात विरून जातो. सोसायटीच्या दृष्टीने देणेकरी नेहमी तुम्हीच असता. म्हणून मेंटेनन्स भाड्यात धरून स्वतः भरणं बरं. भाडेकरूने भरायचा ठरला आणि त्याने सहा महिने थकवला, तरी नोटीस तुमच्याच नावाने येते.

## टप्पा ५: करारनामा

इथे थोडं थांबू, कारण सगळ्यांत जास्त चुकीच्या समजुती इथेच आहेत.

‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही.’ महाराष्ट्रात हे खरं नाही. ही समजूत केंद्राच्या नोंदणी कायद्यातून आली. त्यात एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे, म्हणून लोक अकरा महिने धरतात. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ मुदत बघतच नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असला पाहिजे आणि नोंदवलेला असला पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात.

शिक्षेपेक्षा त्याच कलमातली दुसरी ओळ मला जास्त महत्त्वाची वाटते. नोंदवलेला करार नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं मानलं जातं. म्हणजे भाडं १८,००० ठरलं असेल आणि तो १२,००० म्हणाला, तर सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर.

‘नोटरी केली आहे की.’ नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. माझ्या पहिल्या भाडेकरूच्या वेळी एजंटाने शंभराच्या स्टँपवर छापलेला करार आणला होता. लाल शिक्का, तिकीट, नोटरीची सही, सगळं होतं. मी तो कागद प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून कपाटात जपून ठेवला. घर सोडायच्या वेळी अनामतीवरून मतभेद झाले आणि तो कागद घेऊन मी वकिलांकडे गेले. त्यांनी पहिलं पान उलटून मागे बघितलं, नोंदणीचा दस्त क्रमांक शोधला आणि कागद माझ्यासमोर परत ठेवला. त्या दिवसापासून नोंदणी झाल्याशिवाय मी चावी दिलेली नाही.

‘भाडेपट्टा आणि लिव्ह अँड लायसन्स एकच.’ नाही. भाडेपट्ट्याने जागेत हक्क निर्माण होतो. लायसन्सने फक्त वापरायची परवानगी मिळते, ताबा कायद्याच्या नजरेत तुमचाच राहतो. म्हणून मसुद्यात ‘भाडेकरू’, ‘भाडे’, ‘पट्टा’ हे शब्द येऊ देऊ नका. ‘लायसेन्सर’ (मालक), ‘लायसेन्सी’ (राहणारा), ‘परवाना शुल्क’ (भाडं) हेच शब्द ठेवा. बोलताना आपण सगळेच भाडेकरू म्हणतो, या लेखातही तेच म्हटलंय. कागदावर मात्र नको.

मसुद्यात या गोष्टी आहेत का, ते बोट ठेवून वाचा:

१. घराचा पूर्ण पत्ता, क्षेत्रफळ आणि पार्किंगचा क्रमांक.
२. मुदत सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख. ‘२४ महिने’ एवढंच नको, तारखा हव्यात.
३. दर महिन्याचं शुल्क, वाढ केव्हापासून आणि किती, रक्कम अंकी आणि अक्षरी.
४. अनामत किती, कोणत्या व्यवहाराने मिळाली, घर सोडल्यावर किती दिवसांत परत.
५. घरात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीचं नाव.
६. लॉक-इन, आणि तो दोघांनाही बांधतो की एकालाच.
७. नोटीस लेखी द्यायची म्हणजे कशी: पत्र, ईमेल की संदेश.
८. दुसऱ्याला घर देता येणार नाही, घरातून व्यवसाय चालवता येणार नाही.
९. टप्पा २ मधली वस्तूंची यादी, परिशिष्ट म्हणून जोडलेली.

दुरुस्तीचं कलम एका ओळीत उरकू नका. माझ्या करारात असं असतं: भिंतीतली पाइपलाइन, वायरिंग आणि छताची गळती मालकाकडे. बल्ब, नळाचे वॉशर, नेहमीची साफसफाई आणि हातून झालेली मोडतोड राहणाऱ्याकडे. गीझर किंवा एसी जुनेपणाने बंद पडला तर मालकाकडे. असं लिहिलं की रात्री नऊ वाजता ‘फ्लश बिघडलाय, कोणी करायचा?’ असा फोन येत नाही.

सावधान: एजंटाच्या तयार मसुद्यात जुन्या करारातली नावं, पत्ते किंवा अटी राहून गेलेल्या असतात. तिसऱ्या पानावर दुसऱ्याच माणसाचा फ्लॅट नंबर मी स्वतः वाचला आहे. प्रत्येक पान वाचा.

## टप्पा ६: मुद्रांक शुल्क आणि नोंदणी

साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सचं मुद्रांक शुल्क सोप्या गणिताने निघतं. पूर्ण मुदतीचं एकूण परवाना शुल्क, त्यात परत न मिळणारी अनामत असल्यास ती, आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर दरसाल १० टक्क्यांनी काढलेलं व्याज. या बेरजेच्या ०.२५ टक्के.

उदाहरण: महिना २०,००० रुपये, मुदत २४ महिने, परत मिळणारी अनामत १,००,०००. शुल्काची बेरीज ४,८०,०००. अनामतीचं दोन वर्षांचं मानीव व्याज २०,०००. एकूण ५,००,०००, आणि मुद्रांक शुल्क १,२५० रुपये. दुसऱ्या वर्षी वाढ ठरली असेल, तर त्या वर्षाची बेरीज वाढीव आकड्यानेच करा. नोंदणी फी शहरी हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५०० रुपये. शिवाय ऑनलाइन दस्ताला हाताळणी शुल्क लागतं.

आता या खर्चाची एका महिन्याच्या भाड्याशी तुलना करा. हे पैसे वाचवायला म्हणून लोक नोटरीकडे जातात.

नोंदणीसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात जायलाच हवं असं नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-नोंदणी होते. आधार क्रमांक, अंगठ्याचा ठसा आणि फोटो लागतो. अधिकृत सेवा देणारे यंत्र घेऊन घरी येतात. दोन साक्षीदार लागतात, त्यांचेही आधार हाताशी ठेवा. ज्येष्ठांच्या अंगठ्याचे ठसे बऱ्याचदा उमटत नाहीत. आदल्या दिवशी एकदा आधारचं ठसे-पडताळणीचं काम करून बघा, म्हणजे ऐनवेळी खोळंबा होत नाही.

तपासा: सही झाली म्हणजे नोंदणी झाली नाही. कार्यालयाने दस्त मंजूर करून दस्त क्रमांक आणि सूची क्रमांक २ दिल्यावरच काम पूर्ण. त्रुटी काढून दस्त परत आलेला असतो आणि कोणी बघतच नाही, असं घडतं. पीडीएफ स्वतः उतरवून घ्या आणि भाडेकरूलाही पाठवा, त्याला पत्त्याचा पुरावा म्हणून तो लागतोच.

## टप्पा ७: पोलीस आणि सोसायटी

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं टाळू नका. पोलीस आयुक्तांचे आदेश लागू असलेल्या शहरांत ही माहिती न देणाऱ्या मालकांवर गुन्हे दाखल झालेले आहेत. राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज भरता येतो. भाडेकरूचा फोटो, ओळखपत्र, कायमचा पत्ता, कामाचं ठिकाण आणि ओळखणाऱ्या दोन व्यक्तींची माहिती हाताशी ठेवा. मिळणारी पोच फाइलला लावा. परदेशी नागरिकाला घर देत असाल, तर तो आल्यापासून २४ तासांत ऑनलाइन कळवणं ही वेगळी, कडक जबाबदारी आहे.

सोसायटीच्या बाबतीत लोक उलट टोकाला जातात. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे, घर भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवावं लागतं, आणि कराराची प्रत व पोलिसांकडे दिलेल्या माहितीची प्रत द्यावी लागते. तेवढं करा आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. तुमच्या सोसायटीने स्वीकारलेले उपविधी एकदा उघडून बघा.

बिनभोगवटा शुल्काचं, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी लावते त्या जादा आकाराचं, गणित स्वतः तपासा. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार हे शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सेवा शुल्काच्या म्हणजे पूर्ण बिलाच्या नव्हे. बिल ३,५०० रुपयांचं असेल आणि त्यात सेवा शुल्क १,८०० असेल, तर कमाल १८० रुपये. तिथे ३५० लावले असतील, तर आदेशाचा उल्लेख करून लेखी मागणी करा.

पुण्यातल्या मालकांसाठी एक वेगळी आठवण. महापालिका स्वतः राहत असलेल्या घराला मालमत्ता करात ४० टक्के सवलत देते. घर भाड्याने दिलं की ती लागू राहत नाही. भाडं ठरवतानाच वाढीव कर हिशेबात धरा.

## टप्पा ८: चावी देण्याचा दिवस

दस्त क्रमांक आला, पूर्ण अनामत आणि पहिल्या महिन्याचं भाडं खात्यात जमा झालं, पोलिसांची पोच मिळाली. आता चावी.

स्वतः जा. भाडेकरूला बरोबर घेऊन यादी हातात धरून घरभर फिरा. नळ सोडून बघा, सगळे दिवे लावा, गीझर पाच मिनिटं चालू ठेवा, फ्लश ओढा, खिडक्या सरकवा. यादीत नसलेला दोष भाडेकरूने दाखवला, तर तिथेच पेनने लिहा आणि दोघंही बाजूला सही करा. मग दोघं मिळून वीज मीटरपाशी जा. मीटर क्रमांक आणि रीडिंग एकाच चौकटीत दिसेल असा फोटो काढा आणि तिथूनच तो भाडेकरूला पाठवा. पाइप गॅसच्या मीटरचाही काढा. किती चाव्या दिल्या, तो आकडा यादीच्या शेवटी लिहा.

सावधान: वीज जोडणी तुमच्याच नावावर राहू द्या, पण बिलाची सूचना दोघांच्याही मोबाइलवर येईल असं करा. थकलेलं बिल मग मीटर तोडायला माणूस आल्यावर कळत नाही.

## टप्पा ९: करार चालू असताना

भाडं बँकेतूनच घ्या. रोख घ्यावंच लागलं, तर पावती द्या. तारीख उलटली की तिसऱ्या दिवशी सौम्य, पण लेखी आठवण करा. दोन महिने गप्प बसून तिसऱ्या महिन्यात एकदम ओरडण्याने भाडं लवकर येत नाही.

घरात जायचं असेल, तर आदल्या दिवशी विचारून जा. दुसरी चावी तुमच्याकडे आहे म्हणून दार उघडून आत शिरू नका. करार असेपर्यंत ते त्याचं राहतं घर आहे.

कराबद्दल थोडक्यात. भाड्याच्या उत्पन्नातून तुम्ही प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा होतो, आणि उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, खर्च झालेला असो वा नसो. म्हणूनच रंगकाम, दुरुस्ती, ब्रोकरेज यांची वेगळी वजावट मागू नका. गृहकर्जाच्या व्याजाचं गणित तुम्ही निवडलेल्या करप्रणालीवर अवलंबून आहे, ते सीएकडून करून घ्या. भाडं महिन्याला ५०,००० च्या वर असेल, तर भाडेकरूने त्यातून कर कापायचा असतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून हा दर २ टक्के आहे. मालक अनिवासी भारतीय असेल तर नियम वेगळे आणि दर बराच जास्त आहे. तिथे ५०,००० ची मर्यादाही नाही.

करार संपण्याच्या दोन महिने आधीची आठवण फोनमध्ये आत्ताच लावून ठेवा. पुढे चालू ठेवायचं असेल, तर नवा करार आणि नवी नोंदणी. ‘तेच चालू ठेवू’ असं तोंडी म्हणून मुदत संपलेल्या कागदावर कोणाला राहू देऊ नका.

## टप्पा १०: घर परत घेताना

घर सोडायच्या साधारण आठवडाभर आधी एकदा पाहणी करा. भोकं बुजवायला, नळ दुरुस्त करायला भाडेकरूला वेळ मिळतो आणि अनामतीतून कापायचं फारसं काही उरत नाही. शेवटच्या दिवशी सामान बाहेर गेल्यावर, रिकाम्या घरात, पहिल्या दिवशीची यादी आणि फोटो उघडून पुन्हा तीच फेरी करा.

वापराने येणारी झीज आणि केलेलं नुकसान यांत फरक करा. दोन वर्षांत रंग फिका होणं, कडीचा मुलामा जाणं ही झीज आहे, तिचे पैसे कापू नका. फुटलेलं बेसिन, दाराला पडलेलं भोक, जळालेला ओटा हे नुकसान. कापायचे असतील ते पैसे बिल दाखवून कापा, अंदाजाने नको. आठ वर्षं जुन्या गीझरच्या बदल्यात नव्याची किंमत मागणं योग्य नाही. कराराप्रमाणे रंगकामाची ठरावीक रक्कम घ्यायची असेल, तर ती आधी लिहिलेली असायला हवी.

‘शेवटचे दोन महिने अनामतीतून वळते करा’ ही विनंती हमखास येते. नम्रपणे नाही म्हणा. अनामत नुकसान आणि शेवटच्या बिलांसाठी असते. ती आधीच संपली, तर शेवटच्या दिवशी तुमच्या हातात काहीच उरत नाही.

हिशेब एका कागदावर मांडा: अनामत, वजावटी आणि त्यांची बिलं, परत देय रक्कम. दोघांच्या सह्या घ्या, पैसे त्याच दिवशी किंवा करारात ठरलेल्या दिवसांत बँकेने परत करा. ‘घराचा रिकामा ताबा मिळाला’ ही ओळ त्या कागदावर तारखेसह हवीच.

## टप्पा ११: मुदत संपली आणि घर सोडलं नाही तर

आतापर्यंतचे टप्पे नीट केले असतील, तर तुमच्याकडे एक चांगली वाट आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली, राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपली की तुमच्या भागासाठी शासनाने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करता येतो. वर्षानुवर्षं चालणाऱ्या नेहमीच्या दाव्यापेक्षा ही कार्यवाही आटोपशीर असते. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लायसेन्सीला बचाव मांडायची परवानगी प्रतिज्ञापत्र देऊन मागावी लागते. ती मागितली नाही किंवा मिळाली नाही, तर तुमचं म्हणणं मान्य धरून ताब्याचा आदेश होऊ शकतो. या कार्यवाहीत लेखी करार त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. शिवाय मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते.

करायचं ते या क्रमाने करा:

१. मुदत संपण्याआधीच लेखी कळवा की करार वाढवायचा नाही आणि अमुक तारखेला ताबा हवा.
२. मुदत संपली की लगेच वकिलामार्फत नोटीस पाठवा, पोच मिळेल अशा टपालाने आणि ईमेलनेही.
३. त्यानंतर खात्यात आलेली रक्कम भाडं म्हणून बिनशर्त स्वीकारू नका. काय म्हणून घ्यायची आणि कसं कळवायचं, ते वकिलांना विचारून लेखी कळवा.
४. नोंदवलेला करार, सूची क्रमांक २, नोटीस व पोच, मालकीचा कागद आणि भाड्याचा हिशेब घेऊन अर्ज दाखल करा.

सावधान: वीज-पाणी तोडणं, कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं यातलं काहीही करू नका, कितीही राग आलेला असला तरी. त्या क्षणी तक्रारदार भाडेकरू होतो आणि उत्तरं तुम्हाला द्यावी लागतात. हातातला स्वच्छ कागद त्याने दुबळा होतो.

ताबा मिळण्याच्या दिवशी टप्पा ८ मधलीच यादी घेऊन जा. मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, घर रिकामं मिळाल्याची लेखी नोंद करा आणि दुसऱ्या दिवशी दाराचं कुलूप बदला.